झाइराची दहा मिनिटं

गाइड लोकांचं घड्याळ जगावेगळं असतं. मान्तोवा गावातल्या कुठल्याही गाइडला विचारा, राजवाडा किती लांब? दहा मिनिटं. जेवायला कधी बसायचं? दहा मिनिटांत. बाथरूम कुठाय? दहा मिनिटं धीर धरा. झाइरा तीस वर्षं हेच सांगत आली होती. तिच्या पिवळ्या छत्रीमागून चालून अर्ध्या युरोपच्या पायात गोळे आले असतील, पण तिच्या दहा मिनिटांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. बोलणारा माणूस एकच, तिचे बाबा.

बाबा, म्हणजे ग्वेरीनो, राजवाड्यात राखणदार होते. सदतीस वर्षं त्यांनी तिथल्या रंगवलेल्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून काढली. भिंतींवर राजेसाहेब, त्यांची बायको, पोरंबाळं, कुत्री, घोडे. आणि छतात मधोमध आभाळाचा एक गोल रंगवलेला, त्याच्या कठड्यावरून बायका खाली वाकून बघतायत. गर्दीच्या दिवशी बाबा प्रत्येक ग्रुपला तिथे दहा मिनिटं द्यायचे. मनगटावरच्या घड्याळात दहा झाली की उठायचे आणि म्हणायचे, "चला मंडळी, मागच्यांना बघू द्या." सख्ख्या लेकीचा ग्रुप असला तरी त्यात सवलत नव्हती.

"तुझी दहा मिनिटं रबराची आहेत, बये," ते म्हणायचे. "माझी लोखंडाची."

बाबांना जाऊन आता वर्ष झालं होतं. त्या खुर्चीवर आता मोबाइलमध्ये डोकं घातलेली एक मुलगी बसते, आणि झाइरा त्या खोलीत शिरताना खुर्चीकडे बघत नाही.

त्या दिवशी दोन नोव्हेंबर होता, पितरांचा दिवस. तळ्यांवरून उठलेलं धुकं सकाळी दहा वाजले तरी हटलं नव्हतं. चौकातला घड्याळाचा मनोरा अर्ध्यातून गायब होता. आज लोक पहाटे उठून बिछाना नीट घालून ठेवतात. पितरं लांबून येतात, दमलेली असतात, त्यांना घटकाभर आडवं व्हायला जागा लागते. झाइराचा बिछाना चुरगळलेलाच पडला होता. गेल्या वर्षीही, बाबांना जाऊन चार दिवस झाले होते तेव्हाही, तिनं तो मुद्दाम तसाच ठेवला होता. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आजचा ग्रुप तोरिनोचा, अकरा निवृत्त शिक्षक. शिक्षकांचा ग्रुप म्हणजे गाइडच्या गळ्याला फाशी. सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं. त्यात क्लेलिया नावाच्या एक बाई, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या. त्या बोलायच्या कमी आणि बघायच्या फार. रंगवलेल्या खोलीत बाकीचे चित्रांचं साल कुठलं यावरून भांडत होते, तेव्हा क्लेलियाबाई छताकडे मान करून उभ्या होत्या.

"किती वर्षं अशाच वाकून बघतायत बिचाऱ्या," त्या म्हणाल्या. "कुणाची वाट बघत असतील?"

"जेवायच्या वेळेची," झाइरा म्हणाली, आणि सगळे हसले. तिचं हे ठेवणीतलं उत्तर होतं.

पण जेवायची वेळ झाली तरी ती त्यांना एक चित्र जास्तीचं दाखवत रेंगाळली. ग्रुपला घेऊन ती कमानींखालून ओरेस्तेच्या खाणावळीकडे निघाली. ओरेस्ते तिचा आत्तेभाऊ. बाहेर तो लोकांना बसवतो, आत त्याची आई, म्हणजे झाइराची पाल्मीरा आत्या, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीही रोज पहाटे पीठ लाटून लाल भोपळा आणि बदामाच्या बिस्किटांचं सारण घालून तोर्तेल्ली भरते. अख्ख्या मान्तोव्यात त्या हाताला तोड नाही, हे झाइरा प्रत्येक ग्रुपला सांगते, आणि हे एक ती खरं सांगते.

खाणावळीच्या कोपऱ्यात हिरव्या फरशांची जुनी शेगडी आहे. गेल्या बुधवारी, एका ग्रुपला सूप वाढलं जात असताना, झाइराला त्या शेगडीपाशी एक माणूस उभा दिसला होता. तपकिरी कोट, पाठ सगळ्यांकडे, दोन्ही हातांत वाटी धरून तो पीत होता. कोटाच्या उजव्या कोपरावर ठिगळ होतं. गडद निळ्या कापडाचं, कारण तपकिरी कापड त्या दिवशी मिळालं नव्हतं. ते ठिगळ झाइरानं स्वतः लावलेलं होतं.

ती जागची हलली नाही. ओरेस्ते तिच्यासमोरून, त्या माणसाच्या अंगातून आरपार गेल्यासारखा, दोन ताटं घेऊन निघून गेला. मग कुणीतरी मीठ मागितलं, तिनं मान वळवली, आणि परत बघितलं तर शेगडीपाशी कुणी नव्हतं. शुक्रवारी पुन्हा तेच.

तिनं हाक मारली नाही. मान्तोव्यात बेव्हरिन पिणाऱ्या माणसाला मध्येच हाक मारत नाहीत. वाटीत कडकडीत सूप, त्यात बुडबुडे येणारी तांबडी वाइन ओतायची आणि जेवणाआधी विस्तवाशी उभं राहून, टेबलाकडे पाठ करून प्यायची. तेवढा वेळ माणूस एकटा असतो. पण झाइराला हा रिवाज त्या क्षणी आठवला नाही. तिला एवढंच दिसलं की बाबांनी तिच्याकडे पाठ केली आहे. आणि त्याचं कारण तिला चांगलं ठाऊक होतं.

आज ती खाणावळीत शिरली ती नजर खाली घालूनच. अकरा जणांना बसवलं, छत्री अडकवली, फरशीकडे बघत ती यादीतलं एकेक सांगू लागली. आधी सूप, मग तोर्तेल्ली, मग हातानं फोडायचा बदामाचा कडक केक.

"एक विचारू?" क्लेलियाबाई मध्येच म्हणाल्या. "ते गृहस्थ आपल्याकडे पाठ करून का उभे आहेत?"

"कोण गृहस्थ?" शेजारचे मास्तर म्हणाले. "क्लेलिया, चष्मा पूस."

"ते काय, शेगडीपाशी. कोपराला निळं ठिगळ आहे बघ."

झाइराच्या हातातली यादी खाली पडली. तिनं ती उचलली नाही. ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून दाराला टेकून उभी राहिली.

आत्या उकळत्या पाण्यात तोर्तेल्ली सोडत होती. तिनं मान वळवून एकदा बघितलं.

"काय गं, भूत बघितल्यासारखी?"

"आत्या, बाबा बाहेर आहेत."

आत्यानं झारा खाली ठेवला नाही. "तरीच," ती म्हणाली.

"तरीच काय? तुलाही दिसले?"

"मला कुठं काय दिसतंय, दोन्ही डोळ्यांत पडदा. पण बुधवारपासून एक वाटी जास्त धुतेय मी. तळाला वाइनचं तांबडं कडं. ओरेस्तेला विचारलं तर म्हणतो, आई, तुझी मोजदाद चुकतेय. माझी! साठ वर्षं मोजतेय मी." तिनं पाण्यातले तोर्तेल्ली हलक्या हातानं हलवले. "बिछाना घातलास का आज?"

"नाही."

"गेल्या वर्षी?"

"नाही घातला. आत्या, मला भीती वाटते. ते रागावलेत माझ्यावर. पाठ करून उभे आहेत."

"ग्वेरीनो आणि राग? तुझ्यावर? लहानपणी तू त्याचं घड्याळ सूपात टाकलंस तेव्हा तो हसला होता. काय केलंयस तू असं?"

मग झाइरानं सांगितलं. वर्षभर घशात अडकलेलं होतं ते एका दमात बाहेर पडलं. बाबा गेले त्या दिवशी साडेबाराला त्यांचा फोन आला होता. ग्रुप सकाळपुरताच होता, दुपारी बाबांकडे जेवायचं ठरलेलं. "पाणी उकळलंय," ते म्हणाले होते, "सोडू का तोर्तेल्ली?" आणि ती म्हणाली होती, "दहा मिनिटांत आलेच बाबा. माझ्याशिवाय सुरू करू नका." ती तेव्हा तळ्याकाठी होती. त्या ग्रुपला केक खायचा होता, बक्षिसी चांगली मिळणार होती, आणि दहा मिनिटं म्हणजे काय, ते तर ती सगळ्यांनाच सांगायची. ती बाबांच्या घरी पोहोचली सव्वादोनला. भांड्यातलं पाणी आटून भांडं काळं पडलं होतं. टेबलावर दोघांची ताटं. बाबा शेगडीशी जमिनीवर, शेजारी वाटी पालथी. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, कुणी जवळ असतं तरी काही झालं नसतं. फोनचं तिनं कुणालाच सांगितलं नाही, आत्यालाही नाही. रस्ता बंद होता म्हणून उशीर झाला, असं सांगितलं.

आत्यानं झारा खाली ठेवला.

"मला खोटं सांगितलंस," ती म्हणाली. "माझ्या भावाच्या मयतीत, माझा हात धरून खोटं सांगितलंस."

"हो."

"कोडगी आहेस." तिनं पदरासारखा एप्रनचा कोपरा डोळ्याला लावला, मग त्याच कोपऱ्यानं भांड्याचं झाकण उचललं. "आणि अक्कल तर मुळीच नाही. तीस वर्षं परक्या लोकांना बेव्हरिन समजावून सांगतेस ना? मला सांग बघू. रागावलेला माणूस बेव्हरिन पितो का?"

"नाही."

"रागावला की वाटी आपटून निघून जातो. तुझे आजोबा जायचे. बेव्हरिन पितो तो जेवायला थांबलेला माणूस. आणि वाटी संपली की मग?"

झाइरानं बंद दाराकडे बघितलं.

"मग, बाईसाहेब?"

"मग... वाढलंय म्हणून हाक येईपर्यंत थांबतो."

"मारली कुणी हाक?"

आत्यानं बारा तोर्तेल्ली मोजून झाकणाच्या भांड्यात काढले, वरून लोणी आणि सेजची सुगंधी पानं घातली, चीज किसलं. एका थर्मासात सूप भरलं. वाइनची अर्धी बाटली बुचासकट आणि पावाचा तुकडा पिशवीत ठेवला.

"विस्तव बघून इथे आला असेल तो, पण त्याला इथे वाढायचं नाही, परक्यांच्या गर्दीत," ती म्हणाली. "त्यानं टेबल त्याच्या घरी मांडलं होतं. तिथे जा."

"आणि ग्रुप?"

"अकरा मास्तर आहेत ते, जेवता येतं त्यांना. पळ."

बाहेर पडताना तिनं शेगडीकडे बघितलं. तिथे आता कुणी नव्हतं. "दहा मिनिटांत येते," ती सवयीनं ओरेस्तेला म्हणाली आणि स्वतःचीच जीभ चावली.

बाबांचं घर चार गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर. धुक्यात तिला स्वतःचे पाय दिसत नव्हते, नुसते वाजत होते. दुसऱ्या कुणाचे वाजतात का हे ऐकायला ती दोनदा थांबली. वर्षभर ती इथे फक्त दारातली पत्रं उचलायला आली होती, स्वयंपाकघरात एकदाही शिरली नव्हती. आज तिनं कुलूप उघडलं.

ती आधी आतल्या खोलीत गेली. कपाटातून धुतलेली चादर काढली, बाबांचा बिछाना घातला, उशी थोपटली. कोपरे तिनं नीट दुमडले. मग पिशवी उचलून ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

ते तिथे होते. विझलेल्या शेगडीपाशी, पाठमोरे. मानेवरचे पांढरे केस कापायला आलेले, कोपरावर निळं ठिगळ. हातातल्या वाटीतून वाफ येत नव्हती. खोलीत बर्फासारखी थंडी होती, आणि त्यात अगदी पुसट, वाइन घातलेल्या सूपाचा वास.

झाइराला पळून जावंसं वाटलं. पण हातातलं भांडं गरम होतं, आणि तोर्तेल्ली गार झाले की बाबा काय म्हणायचे ते तिला माहीत होतं. तिनं टेबलावरची धूळ पुसली, दोन ताटं मांडली, दोन काटे, दोन पेले, पावाचा तुकडा. बाराच्या बारा तोर्तेल्ली तिनं त्यांच्या ताटात वाढले. आपलं रिकामंच ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली. तिनं पुन्हा म्हटलं, "बाबा, वाढलंय."

ते वळले.

चेहरा होता तसाच होता. दाढी केलेली, हनुवटीवर नेहमीसारखं कापलेलं. रागाचं नाव नव्हतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि अदबीनं मान लववली, सदतीस वर्षं ते रंगवलेल्या खोलीच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला लववायचे तशी.

"नमस्कार, बाई. ग्रुपबरोबर आलात का?"

"बाबा, मी झाइरा."

"वा. माझ्या मुलीचं नावही तेच," ते म्हणाले, आणि त्यांची नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे गेली. "तिचीच वाट बघतोय. गाइड आहे ती. दहा मिनिटांत येते म्हणाली."

"किती वेळ झाला?"

त्यांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं. नीट, डोळ्यांपासून जरा लांब धरून.

"नऊ," ते म्हणाले. "नऊ झाली. येईलच आता."

झाइरानं टेबलाची कड घट्ट धरली. मी आलेय, माझ्याकडे बघा, असं ओरडावंसं वाटत होतं तिला. वर्षभर तिला माफी मागायची होती, आणि मागायला माणूस समोर उभा होता, पण तो तिला ओळखत नव्हता. त्याला फक्त एक मिनिट उरलं होतं, आणि ते मिनिट काही केल्या संपत नव्हतं. तिला रडू आलं ते तिनं गिळलं. पाहुण्यांशी बोलायचा आवाज तिनं ओढून आणला.

"मी तिचाच निरोप घेऊन आलेय," ती म्हणाली. "तिला उशीर होणार आहे. खूप उशीर. तुम्ही सुरू करा म्हणाली."

"तिनं सांगितलं असं?"

"हो. माझ्यासाठी थांबू नका, म्हणाली."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले.

"मग आधी नाही का सांगायचं पोरीनं," ते कुरकुरले. "इकडे तोर्तेल्लीचा लगदा व्हायची वेळ आली." आणि त्यांनी वाटी शेगडीवर ठेवली, खुर्ची ओढली, आणि बसले.

झाइराला ते बघवेना. ती शेगडीपाशी गेली, थर्मासातलं सूप वाटीत ओतलं, त्यात वाइन ओतली, आणि टेबलाकडे पाठ करून उभी राहिली. अशा वेळी माणसाचा चेहरा कुणी बघत नाही. रिवाज कुणी घातला असेल तो असो, त्याला रडणाऱ्या माणसाची जाण होती. तिनं एक घोट घेतला. मागे काटा ताटावर वाजला.

"बदामाची बिस्किटं कमी घातलीत," बाबा तोंडात घास असताना म्हणाले. "पाल्मीराचा हात आखडला म्हातारपणी."

झाइराचे खांदे हलले. ती हसत होती की रडत होती ते तिलाही कळलं नाही. मागे काटा वाजत राहिला, सावकाश, मध्ये पेला ठेवल्याचा आवाज. मग पाव मोडल्याचा. मग बराच वेळ काही नाही. खुर्ची मागे सरकली. चपला फरफटत आतल्या खोलीकडे गेल्या, जेवणानंतर घटकाभर आडवं व्हायला जात तशा.

ती वळली नाही. वाटी रिकामी झाली होती, पण हाक आल्याशिवाय वळायचं नसतं.

आतल्या खोलीतून हाक आली. लहानपणी शाळेतून येऊन ती अंगणात रमायची तेव्हा यायची तशीच, जरा वैतागलेली आणि मोठ्यानं.

"झाइरा! वाढलंय गं!"

ती वळली. खोलीत कुणी नव्हतं. बाबांचं ताट पावानं स्वच्छ पुसलेलं होतं. कडेला सेजचं पान काढून ठेवलं होतं. बाबा ते कधीच खायचे नाहीत. आणि तिनं रिकामं मांडलेल्या ताटात सहा तोर्तेल्ली होते.

ती खुर्चीवर बसली. आतल्या खोलीकडे बघायचं धाडस तिला झालं नाही, आणि गरजही वाटली नाही. तिनं पहिला घास तोंडात घातला. अजून कोमट होता. बिस्किटं खरंच कमी पडली होती.

खिशातला फोन वाजला. ओरेस्ते होता, मागे अकरा मास्तरांचा कलकलाट.

"अगं, कुठे आहेस? केक आणून ठेवलाय, ही मंडळी हातच लावत नाहीत. गाइडबाई आल्याशिवाय नाही म्हणतात. किती वेळ लागेल तुला?"

शब्द जिभेवर आले होते. झाइरानं ते घासाबरोबर गिळले.

"मला वेळ लागेल," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, सुरू करा. माझ्यासाठी थांबू नका."